रुमालाखालचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण, थोडे आवरून)



पत्रकावर माझ्या नावापुढे 'कापसातला ओलावा आणि हमीभाव' असा विषय छापला आहे. त्यावर मी येणारच आहे. पण आधी थोडे कल्याण-डोंबिवलीच्या टॅक्सीवर बोलणार आहे. मागच्या रांगेतले दोघे हसले, ते मला दिसले. हसा. पण एक काम करा. ज्यांच्या घरचा पोरगा, भाऊ, जावई ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे गाडी चालवायला किंवा मोबाईलवर आलेल्या जेवणाची पार्सले पोचवायला गेला आहे, त्यांनी हात वर करा. बघा. निम्मी सभा झाली. म्हणजे विषय टॅक्सीचा दिसला तरी तो कोरडवाहू कापसाचाच आहे. शेत पिकले असते आणि पिकल्यावर भाव मिळाला असता, तर यातली किती पोरे शिळफाट्याच्या धुरात उभी राहिली असती?

मागच्या महिन्यात मी विदर्भ एक्सप्रेसने कल्याणला उतरलो. पहाटेची वेळ. स्टेशनबाहेर आपल्याच तालुक्यातला एक पोरगा घ्यायला आला होता. एम.एच. ०५, म्हणजे कल्याणच्या आर.टी.ओ.ची गाडी. पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेली. बापाने त्यासाठी दोन एकर गहाण टाकले आहे. दोन दिवस मी त्याच्याकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी ठाण्याचे काम आटोपून संध्याकाळी डोंबिवलीला परत यायचे होते. लोकलची गर्दी माझ्या वयाला झेपत नाही, म्हणून मोबाईलवरून गाडी बोलावली. कंपनीचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. चालक निघाला जालना जिल्ह्यातला, मंठ्याकडचा. बोलता बोलता घरच्या कपाशीवर आलो, बोंडअळीवर आलो, आणि शिळफाट्याला गाडी अडकल्यावर हिशेबावर आलो.

उतरताना मी माझा मोबाईल त्याच्या मोबाईलशेजारी धरला. माझ्याकडे भाडे दाखवले होते ५४० रुपये. त्याच्याकडे त्याच फेरीचे जमा दाखवले होते ३७२ रुपये. एकच गाडी, एकच रस्ता, एकच वेळ. १६८ रुपये मधल्या मध्ये. मी विचारले, "हे कुठे गेले?" तो म्हणाला, "साहेब, मला तुमचे ५४० दिसतच नाहीत. आज तुम्ही दाखवले म्हणून कळले."

आता यात कर असेल, टोल असेल, कंपनीचे कमिशन असेल. असेल. कंपनीने फुकट काम करावे असे मी म्हणत नाही. अडत्यालाही अडत लागते. पण अडत किती, हे पट्टीवर लिहिलेले असते. हमाली किती, तोलाई किती, तेही लिहिलेले असते. खोटे लिहिले तर आपण पट्टी घेऊन सचिवाच्या टेबलावर जातो, भांडतो. मंठ्याच्या त्या पोराने काय घेऊन कुठे जायचे?

माझ्या लहानपणी वडिलांबरोबर मी बैलबाजाराला जायचो. दलाल यायचा, वडिलांचा हात धरायचा, वर रुमाल टाकायचा. रुमालाखाली बोटे दाबायची. कोणते बोट म्हणजे शेकडा, कोणते म्हणजे दशक. मग तोच दलाल गिऱ्हाइकाकडे जायचा, त्याच्या हातावर रुमाल टाकायचा. वडिलांना कळायचे ते वडिलांचे आकडे. गिऱ्हाइकाला कळायचे ते गिऱ्हाइकाचे. दोन्ही आकडे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्याचे पोट त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर भरायचे. जुन्या धान्यबाजारात, कापसाच्या बाजारात हीच हत्ता पद्धत होती.

आज तो रुमाल गेला आणि त्याच्या जागी मोबाईलची काच आली. काच पारदर्शक असते असे आपल्याला शाळेत शिकवले होते.

या काचेमागे जे बसले आहे त्याला अल्गोरिदम म्हणतात. शब्दाला घाबरू नका. अल्गोरिदम म्हणजे हिशेबाची ठरवून दिलेली रीत, यंत्रात भरलेली. हे असेल तर ते कर, इतके असेल तर तितके काप. आपण अशा रिती रोज वापरतो. कापूस महामंडळाच्या केंद्रावर काय होते? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता ८,११० रुपये. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कापायचा. १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. म्हणजे तुमच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला तर तीन टक्के, २४३ रुपये ३० पैसे कापले जाणार आणि हातात ७,८६६ रुपये ७० पैसे पडणार. हाही अल्गोरिदमच आहे. तो आपल्याला आवडत नाही, १२ ची मर्यादा जाचक आहे, ओलावा मोजणारे यंत्र टोचणाऱ्याच्या मर्जीने टोचले जाते, हे सगळे आपण म्हणतो. पण म्हणू शकतो, कारण रीत आपल्याला ठाऊक आहे. यंत्र चुकले की दुसऱ्या ठिकाणी टोचून दाखव म्हणता येते.

पीकविम्याचेही तसेच. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणायचे. ते उंबरठा उत्पादन. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात त्याहून जितके कमी आले तितक्या टक्क्यांची भरपाई. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि प्रयोगात आले ६, तर तूट ४० टक्के. विमा रक्कम ५० हजार असेल तर २० हजार मिळायला हवेत. आपल्या किती कार्यकर्त्यांनी याच सूत्रावर बोट ठेवून कंपन्यांना पैसे द्यायला लावले आहेत! सूत्र कागदावर नसते तर ते कशावर भांडले असते?

तर आता जगभर वाद चालू आहे तो असा, की या मोबाईलवाल्या कंपन्यांनी आपली आतली रीत सरकारच्या नियंत्रकाला दाखवावी की नाही. कंपन्या म्हणतात, हे आमचे व्यापारी गुपित आहे. दाखवले तर दुसरी कंपनी उचलून नेईल. शिवाय रीत उघडी पडली की लोक फसवायला लागतील. दुसरी बाजू म्हणते, लाखो लोकांची रोजी तुम्ही या रितीवर ठरवता, तर दाखवलीच पाहिजे.

मी शेतकी पदवीधर. माझे मन आधी बियाण्याकडे जाते. संकरित कपाशीचे नर-मादी वाण कोणते, हे कंपनी सांगत नाही. ते तिचे गुपित आहे आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. त्यामागे तिची मेहनत आहे. पण पिशवीवर उगवणशक्ती लिहावी लागते. संकरित कपाशीला किमान ७५ टक्के. आणि ती खरी आहे की नाही हे तपासायला तिचे गुपित उघडावे लागत नाही. शंभर दाणे ओल्या कागदात घालायचे आणि मोजायचे. १९६६ च्या बियाणे कायद्यात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करतो. एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, आणि एक सीलबंद करून ठेवायचा, उद्या कोर्टकचेरी झाली तर लागेल म्हणून. कोणाच्याही एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला नको, अशी ही रचना आहे. हा तिसरा भाग ध्यानात ठेवा.

आता ठाण्या-कल्याणचीच दुसरी रीत बघा. तिथल्या रिक्षाचे भाडे कसे ठरते? मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. त्यासाठी आधी हकीम समिती होती, मग २०१६ साली बी. सी. खटुआ यांची समिती नेमली. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा घरखर्च असे एकेक धरून सूत्र मांडले. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २३ वरून २६ रुपये झाले आणि टॅक्सीचे २८ वरून ३१. हा आकडा पेपरात छापून येतो. मीटर नव्याने जुळवून, तपासून, सील करून घ्यावा लागतो. प्रवाशाने पाहिलेला आकडा आणि चालकाने पाहिलेला आकडा एकच, कारण मीटर दोघांच्या मध्ये बसवलेला असतो.

(सभेतून: "पण कल्याणात मीटर टाकतंय कोण?")

बरोबर बोललात! हे भाऊ तिकडे राहून आलेले दिसतात. कल्याण-डोंबिवलीत मीटर टाका म्हटले की रिक्षावाला असे बघतो जणू आपण त्याची शेती मागितली. शेअर रिक्षा, तोंडी भाव. म्हणजे उघडे सूत्र असले की सगळे आपोआप सरळ होते, असे मी म्हणत नाही. पण तिथे बेकायदा काय चालले आहे हे निदान शाळकरी मुलाला कळते. काचेमागे कायदा मोडला की पाळला हेच कळत नाही.

आणि कायदा नाही असेही नाही. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला, त्यात या कंपन्यांना 'अॅग्रिगेटर' म्हणून परवान्याखाली आणले. २७ नोव्हेंबर २०२० ला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा द्यावा असे आहे, गर्दीच्या वेळी भाडे मूळ दराच्या दीडपटीच्या वर नेऊ नये असे आहे, आणि ॲपचा अल्गोरिदम कसा चालतो, भाड्यातले चालकाला किती, त्याच्याकडून किती कापले याबाबत पारदर्शकता ठेवावी असेही आहे. म्हणजे आज आपण ज्याच्यावर वाद घालतो आहोत ते २०२० साली कागदावर आले होते! पुढे काय झाले? मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या कंपन्यांनी परवान्यासाठी अर्ज करावेत. त्यावर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिलमध्ये 'जैसे थे' मिळाले. मे २०२५ मध्ये राज्याचे धोरण आले. जुलैत केंद्राच्या नव्या सूचना आल्या, त्यांत दीडपटीची दुप्पट झाली. त्याच जुलैत मुंबई-ठाण्याचे चालक संपावर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये महानगर प्रदेशासाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर ठरला. मागणी नसेल तेव्हा पाव हिस्सा कमी, म्हणजे १७ रुपये ४ पैसे. गर्दीत दीडपट, म्हणजे ३४ रुपये ८ पैसे.

छान. आता मंठ्याच्या पोराची फेरी या दरावर लावून बघा. ठाणे ते डोंबिवली शिळफाट्यावरून साधारण २२ किलोमीटर धरा. २२ गुणिले २२.७२ म्हणजे जवळपास ५०० रुपये. मी दिले ५४०. म्हणजे थोडी गर्दी धरली, ठीक. त्याचे ८० टक्के ४३२. त्याला मिळाले ३७२. मधले ६० रुपये कायद्याने गेले की कायद्याबाहेर? मला ठाऊक नाही. त्याला ठाऊक नाही. आर.टी.ओ.च्या साहेबाला तरी ठाऊक असेल का? गर्दी होती हे कोणी मोजले? त्या संध्याकाळी डोंबिवलीकडे किती गाड्या मोकळ्या होत्या, किती गिऱ्हाइके होती, हे एका यंत्राला ठाऊक, आणि यंत्र एका पक्षाच्या घरात. हा असा काटा आहे, ज्याचा काटा फक्त व्यापाऱ्याकडच्या बाजूने दिसतो.

सरकारने दर ठरवला, टक्का ठरवला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायची वाटच ठेवली नाही. याला मी नियंत्रण म्हणत नाही. वजनाचे माप कायद्यात लिहायचे आणि वजनमापे निरीक्षकाला दुकानात शिरू द्यायचे नाही, असला हा प्रकार आहे.

असे खटले झाले नाहीत असेही नाही. एका वकिलाने सीसीआयकडे तक्रार केली. सीसीआय म्हणजे आपली कापूसवाली नव्हे, ती दिल्लीतली भारतीय स्पर्धा आयोग. इंग्रजी आद्याक्षरांचा दुष्काळ पडला आहे, त्याला काय करणार. तक्रार अशी, की हजारो चालक एरवी आपापसात भाव कमी-जास्त करून गिऱ्हाईक मिळवतील; इथे सगळ्यांचा भाव एकच यंत्र ठरवते, म्हणजे ही साखळीच झाली. २०१८ साली आयोग म्हणाला, चालकांनी आपापसात करार केल्याचे दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. निकाल कायद्याने बरोबर असेल. चालकांनी करार केला नाही हे खरेच आहे. चालकांना एकमेकांचे भाव ठाऊकच नसतात, करार कशाचा करणार? मग जानेवारी २०२५ मध्ये बोंब झाली की एकाच फेरीला ॲपलच्या फोनवर जास्त आणि अँड्रॉइडवर कमी भाडे दिसते. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. दोघींनी इन्कार केला. त्यांचा इन्कार खरा असू शकतो. पण तो खरा आहे हे सिद्ध करायची त्यांनाही दुसरी सोय नाही, 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणण्याखेरीज. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही तपासलेला काटा सोयीचाच असतो.

म्हणून माझे उत्तर 'होय, दाखवावी' असे आहे. पण इथे थांबलो तर आपण आपल्याच आयुष्याकडून काही शिकलो नाही असे होईल.

सरकारी नियंत्रक म्हणजे कोण, हे आपल्याला कोणी सांगायला नको. कंपनीने उद्या संगणकाची लाखो ओळींची संहिता पेनड्राइव्हमध्ये घालून मंत्रालयात दिली. साहेब ती वाचणार आहेत का? कपाटात जाईल. किंवा वाईट म्हणजे, कपाटातून बाहेर पडेल, ज्याला हवी त्याच्याकडे जाईल. परवाना आला की परवान्याचा दर ठरतो, हे आपण साखर, कापूस, खत, सगळ्यांत पाहिले. आणि तिसरी गोष्ट, जी वकील मंडळी सांगत नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपित द्यायचे नाही अशी सोय आहे. मोठे सार्वजनिक हित असेल तर देता येते, पण ते ठरवणार साहेबच. म्हणजे रीत फक्त सरकारला दाखवली की मंठ्याच्या पोराच्या दृष्टीने ती एका कुलपाऐवजी दोन कुलपांत गेली. आधी कंपनी सांगत नव्हती, आता सरकारही सांगणार नाही.

आणि लबाडी तपासणीच्या वेळीच होते. आपल्या बाजारातले जुने व्यापारी दोन वजने ठेवायचे, एक निरीक्षकासाठी, एक आपल्यासाठी. २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचे उघडकीस आले. इंजिनातला संगणक ओळखायचा की आता तपासणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने छापले की उबरकडे एक अशी सोय होती, जिच्यामुळे पकडायला आलेल्या अधिकाऱ्याच्या मोबाईलवर खोट्या गाड्या फिरताना दिसायच्या आणि खरी गाडी त्याला मिळायचीच नाही. कंपनीनेही मग अधिकाऱ्यांसाठी ती वापरणे बंद करतो म्हटले. बघा, निरीक्षकाचे वजन वेगळे! म्हणून कंपनीने सांगितलेली रीत आणि प्रत्यक्षातली फेरी, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही. मी शिळफाट्यावरून आल्यावर दोन मोबाईल शेजारी धरले, तेवढीच तपासणी. ती करायला संगणकाचा इंजिनियर लागत नाही.

मग मागायचे काय? मला सुचते ते बियाण्याच्या कायद्यातूनच सुचते. नर-मादी वाण राहू द्या तुमच्याकडे. पिशवीवर मात्र लिहा. प्रत्येक फेरीनंतर चालकाच्या मोबाईलवर पट्टी आली पाहिजे: प्रवाशाने दिले किती, कर किती, टोल किती, तुम्ही ठेवले किती, गर्दीचा गुणक किती लावला. प्रवाशालाही तीच पट्टी. यात कोणते गुपित फुटते? दोघांनी मिळून दिलेल्या-घेतलेल्या पैशाचा हिशेब आहे. दुसरे, आयडी बंद केला तर कारण लेखी द्या आणि ते ऐकायला माणूस द्या. आपल्या त्या कल्याणच्या पोराचा आयडी दिवाळीच्या तोंडावर चार दिवस बंद होता. कोणाला फोन करायचा? फोनवर यंत्र, यंत्रापुढे यंत्र. चार दिवसांत हप्त्याची तारीख आली आणि गेली. बँकेचे यंत्र मात्र बिनचूक चालले.

आणि तिसरा भाग, सीलबंद नमुना. कंपनी ही रीत दर आठवड्याला बदलू शकते. आज तक्रार केली आणि सहा महिन्यांनी चौकशी आली, तर त्या दिवशीची रीत कुठे सापडणार? म्हणून तारीखवार नोंद हवी, कोणत्या दिवशी कोणती रीत चालू होती, आणि तिची एक प्रत कंपनीच्या आणि सरकारच्या दोघांच्याही हाताबाहेर सीलबंद असावी. वाद झाला की न्यायालयापुढे फुटेल. एरवी गुपित गुपितच राहील.

हे अगदीच हवेतले बोलणे नाही. स्पेनने २०२१ साली कायदा करून, डबे पोचवणाऱ्या मुलांच्या कामावर परिणाम करणाऱ्या अल्गोरिदमचे नियम कामगारांच्या प्रतिनिधींना सांगणे बंधनकारक केले. सरकारला नव्हे, कामगारांच्या प्रतिनिधींना, हे लक्षात घ्या. एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि आपली ओला, दोघींच्या विरोधात चालकांना यंत्राच्या निर्णयांची माहिती द्यायला सांगितले. व्यापारी गुपिताची ढाल तिथेही पुढे केली होती. इकडे शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात यंत्राने घेतलेल्या निर्णयांविषयी कामगाराला सांगावे असे घातले आहे. महाराष्ट्राने मागे का राहावे? कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला, आपल्या वऱ्हाडात, सुरू झाला. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा तर इंग्रजांनी लँकेशायरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी केला. पण वजन खरे असावे आणि सौदा उघड व्हावा हे शेतकऱ्याच्याही सोयीचे होते, म्हणून पुढे १९६३ च्या कायद्यापर्यंत ते टिकले. बाजार समित्यांचे पुढे काय झाले तो वेगळा विषय आहे. त्यावर बोलायला लागलो तर जेवणे थंड होतील.

आता माझ्या पत्रकावरच्या विषयाकडे येतो, कारण हे यंत्र मुरबाडचा घाट चढून केव्हाच आपल्याकडे आले आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या विम्यात उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या तंत्राने काढून त्याला किमान ३० टक्के वजन द्यायचे ठरले. २०२४ पासून सोयाबीनही त्यात आले. पीक कापणी प्रयोगाला आपण बांधावर उभे राहू शकतो. चौकट कुठे टाकली, वजन किती भरले, पंचनाम्यावर सही कोणाची, सगळे दिसते. उपग्रहाच्या बांधावर कोण उभे राहणार? तंत्राला माझा विरोध नाही. मी स्वतः शिकलेला माणूस आहे. प्रयोगांतही कशी हातचलाखी होते ते तुम्ही मला शिकवू नका. पण ३० टक्के वजन ज्या आकड्याला आहे, तो आकडा माझ्या मंडळासाठी कसा निघाला, हे मला ५० हजारांच्या विम्यावर सही करण्याआधी कळले पाहिजे.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतची. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायकोचे अंगठे, रात्री-रात्री केंद्रांवर रांगा. मग संगणकातून हिरवी यादी निघाली. त्यात चुका निघाल्या, यादी मागे घेतली, पुन्हा काढली. ज्याचे नाव गळले त्याला कोणी सांगितले का की कोणत्या नियमाने गळले? बँक म्हणाली, संगणकाने केले. तहसीलदार म्हणाला, वरून आले. ते यंत्र कोणत्या खाजगी कंपनीचे गुपित नव्हते. ते सरकारचे होते. म्हणून मी म्हणतो, रीत दाखवा ही मागणी करताना सरकारला वगळू नका. जे खाते स्वतःची यादी कशी निघाली ते सांगत नाही, ते टॅक्सीवाल्या कंपनीला कोणत्या तोंडाने विचारणार?

२०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायला महामंडळाने मोबाईलवर नोंदणी सक्तीची केली. कपास किसान ॲप. ज्याच्याकडे साधा फोन, त्याने पोरावर अवलंबून राहायचे. आणि पोरगा कल्याणला. तो तिकडे रात्री गाडी बाजूला लावून बापाचा सातबारा मोबाईलवर चढवत होता. मी डोळ्यांनी पाहिले. एका मांडीवर कंपनीचे ॲप, दुसऱ्या मांडीवर महामंडळाचे. दोन्हींकडून उत्तर एकच, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

तर आता करायचे ते एवढेच. ज्यांनी मघाशी हात वर केले, त्यांनी आज रात्री घरी फोन करा. पोराला सांगा, एक वही घाल. ओळखीचा प्रवासी भेटला की उतरताना विनंती करून त्याचा आकडा लिहून घ्यायचा, शेजारी आपला आकडा, तारीख, वेळ, कुठून कुठे, किती किलोमीटर. नाव-नंबर काही नको. डोंबिवलीत आपल्या तेरा पोरांनी मी निघायच्या आदल्या रात्री सुरुवात केली आहे. महिन्याभराच्या वह्या झाल्या की आम्ही त्या घेऊन कल्याणच्या आर.टी.ओ.त जाणार आहोत, आणि एकच विचारणार आहोत, की यातल्या कोणत्या फेरीला ८० टक्के मिळाले आणि कोणत्या नाही, हे तुम्ही आम्हाला सांगू शकता का? सांगू शकत नसाल तर तसे लिहून द्या.

वह्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, दहा रुपयाला एक. आणि ओलावा मोजायचे यंत्रही तिथेच ठेवले आहे. ज्यांनी येताना मूठभर कापूस आणला आहे, त्यांनी जेवणाआधी रांग लावा. तीन ठिकाणी टोचून दाखवतो, तीन वेगळे आकडे येतात ते स्वतः बघा.